लांब नाकाचे पंचवीस उंदीर

पडवीतल्या फळीवर ओळीने वाळत ठेवलेले मातीचे पंचवीस उंदीर, आणि पंचवीसही जणांची नाकं सोंडेसारखी पुढे आलेली... लहानपण म्हटलं की इतरांना काय आठवतं कोण जाणे, मला ही ओळ आठवते. ओल्या चिकणमातीचा तो थंड वास, कौलांवरून टपटपणाऱ्या पागोळ्या, आणि फळीमागे कोपरापर्यंत माखलेली मी, स्वतःवरच बेहद्द खूश!

आमचं घर डिचोलीत. बाबा आठ महिने खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचे. पावसाळ्यात खाणी थांबल्या की ट्रकवर ताडपत्री चढायची, आणि ज्यांच्या नखांतली लाल धूळ सणासुदीलाही निघत नसे तेच हात गणपती घडवायला बसायचे. आमच्या पडवीची गणपतीची शाळा व्हायची. घरातल्या मुलींनी माती मळायची, तिच्यातले खडे-काड्या वेचायच्या, बस्स. मूर्तीला हात लावू नये असा नियम कोणी केला नव्हता, पण लावतही कोणी नसे. मी सहावीत असताना बाबांनी पहिल्यांदा मला उंदीर करायला दिले आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

आता नाकांचं सांगते. त्याच पावसाळ्यात शाळेच्या वाचनालयातल्या एका जाडजूड पुस्तकात मला तो भेटला होता – डायनासोरांच्या काळातला, बोटाएवढा, केसाळ, लांब नाकाचा जीव. सस्तन प्राण्यांच्या अगदी आरंभीचा नातलग. वर्गातली पोरं त्या अवाढव्य धुडांवर फिदा होती. मी वर्गात सगळ्यांत बुटकी, माझा जीव याच्यावर जडला. दिवसभर बिळात दडून राहायचं, अंधारात किडे हुंगत हिंडायचं, आणि असल्या राक्षसांच्या पायांखालून जगून दाखवायचं... केवढी ती हिंमत! मग माझं डोकं चालायला लागलं. गणपती तर सृष्टीच्या आरंभापासूनचा. तेव्हा उंदीर जन्मालाच आले नव्हते. म्हणजे देवाचं वाहन हाच असणार, आणि इतकी वर्षं अख्खा डिचोली तालुका भलत्याच प्राण्याला फुलं वाहतोय! ती चूक मी सुधारली. बाबा मूर्तींचे डोळे आखण्यात गढलेले. उंदरांना रंगसुद्धा मीच दिला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माणसं मूर्ती न्यायला आली. देवावर फळापानांची माटोळी बांधायच्या घाईत उंदराकडे बघतो कोण? एकेक मूर्ती सुखरूप गेली. शेवटी आले आमोण्याचे तात्या, बाबांचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या घरचा गणपती आजोबांच्या काळापासून आमच्याकडचा. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि वाकून पाहिलं.

"रघू, हो उंदीर न्हय. ही चिचुंद्री."

पोरीच्या हाती काम दिलं की असंच व्हायचं, असंही ते पुटपुटले.

मी दारामागे उभी. ओरडा बसेल याची भीती नव्हती. उद्यापासून पुन्हा फक्त माती मळायची, याची होती. बाबांनी तो जीव उचलून उलटसुलट पाहिला, मला बाहेर बोलावलं आणि असा का केलास ते तात्यांना सांग म्हणाले. मी सांगितलं... रडत, नाक पुसत, डायनासोरांपासून सगळं. तात्यांनी ऐकून घेतलं खरं, पण आमच्या घरी उंदीरच बसतो, हे काही ते सोडेनात.

"तुमचं खरं, तात्या," बाबा म्हणाले. "उंदीर बदलून दितां. पूण करतली तीच."

त्यांनी मातीचा गोळा माझ्या हातात ठेवला. तात्या बाकावर बसून राहिले आणि त्यांच्यासमोर मी आखूड नाकाचा, गुबगुबीत, अगदी गुणी उंदीर केला. तो वाळायला वेळ नव्हता, रंग तर दूरच. आमोण्यापर्यंतच्या वाटेवर जीपमध्ये तात्या तो ओला उंदीर तळहातावर घेऊन जराही न हलता बसले होते, असं त्यांचा मुलगा पुढे हसत सांगायचा. बाकीचे माझे लांब नाकवाले घरोघर नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, ताटाशेजारी बसले, आरत्या ऐकल्या, आणि कोणी दीड दिवसांनी, कोणी पाच दिवसांनी विहिरीत नाहीतर नदीत विरघळून गेले. त्या खऱ्या जीवाचे निदान दात तरी दगडात उरले. माझ्या पिल्लांचं काही उरलं नाही.

पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, आणि तीन पावसाळ्यांपूर्वी बाबाही गेले. पणजीची नोकरी सांभाळून गणपतीची शाळा आता मी चालवते. माती मळण्यापासून डोळे आखण्यापर्यंत सगळं माझंच. उंदीर लोकांना हवे तसेच करते. गेल्या वर्षी एका गिऱ्हाईकाने मूर्तीच्या बोटांत खोट काढली. ती बोटं मी तशी का केली, याला माझ्यापाशी कारण होतं. पण वाद कशाला, म्हणून निमूट बदलून दिली, आणि मूर्ती गेल्यावर पडवीत बसून खूप रडले. बाबांनीही ती बदलूनच दिली असती. पण त्याआधी, अशी का केलीस, हे त्यांनी मला विचारलं असतं.