आईच्या शेंदराखाली मिशी निघाली

अक्का नवस बोलली होती, पेपर मी दिले होते आणि नवस फेडायला दोघींनी जायचं होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी पुण्याहून इतिहासात एम.ए. होऊन जळगावला घरी आले होते. माझा खास विषय धर्मांचा इतिहास. दोन वर्षं मी हेच शिकले की कुठला देव कुठून आला आणि कुणाच्या जागेवर कोण बसला. नेमक्या त्याच पेपरात मी पास व्हावं म्हणून माझ्या थोरल्या आत्याने, म्हणजे अक्काने, कुलदेवीला साडी-चोळी कबूल केली होती. ही गंमत मैत्रिणींना पत्रांतून कळवूनही झाली होती.

माझा हेतू काही शुद्ध नव्हता. आमची कुलदेवी, जिला सगळे आई म्हणत, ती म्हणजे दोंडाईच्यापलीकडच्या एका खेड्यातला शेंदराचा भला मोठा गोळा आणि त्यावर चांदीचे डोळे. लहानपणी मी त्या डोळ्यांना घाबरायचे. आता मला आत कसला दगड आहे ते बघायचं होतं. साडीच्या पिशवीत तळाशी मी टॉर्च आणि शिंप्याची टेप दडवली.

तुम्हाला तिकडे जायचं असेल तर थंडीतच जा. आम्ही सकाळी सुरतकडे जाणारी पॅसेंजर धरली. धरणगाव, अमळनेर, नरडाणा असं करत ती रमतगमत जाते, त्यामुळे जेवण सोबत हवंच. अक्काने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि घरची केळी घेतली होती. अमळनेर गेल्यावर मी तिला सुनवायला सुरुवात केली. देवांची नावं बदलतात, एकाच्या देवळात दुसरा राहायला येतो, आपली देवीसुद्धा आधी भलतीच कुणी असेल. अक्काने भाकरीचा तुकडा मोडत सगळं ऐकलं. मग म्हणाली, लग्नात बाईचं नाव बदलतात तेव्हा कुणी पुस्तक लिहीत नाही, देवाचं बदललं तर त्यात एवढं काय. मी केळं सोलायला घेतलं.

दोंडाईच्याला उतरलो की आधी शिंका येतात. त्या दिवसांत गावाबाहेर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात, मैलभर लांबून रंग दिसतो. एस.टी.ने फाट्यावर सोडलं, पुढे कापसाच्या बैलगाडीत जागा मिळाली. इतकी मऊ गादी मला पुन्हा कुठल्याच प्रवासात मिळाली नाही.

देवळापाशी गर्दी होती, पण कुणी आत जात नव्हतं. आदल्या दिवशी देवीची खोळ गळून पडली होती. वर्षानुवर्षं साठलेला शेंदराचा थर एकदम सुटला होता, डोळ्यांसकट. पुजारी नानांनी मूर्तीवर घाईने धोतर टाकलं होतं. अक्काने ओळख करून देताना, ही देवांचंच शिकून आली आहे, एवढं सांगितलं आणि नानांनी मला हाताला धरून आत नेलं. टॉर्च काढला तेव्हा तो का आणला असं कुणी विचारलं नाही.

धोतर बाजूला झालं. ढाल-तलवार घेतलेला एक पुरुष, पायाशी गुरांची रांग, वर चंद्र आणि सूर्य. आणि मिशी. चांगली पिळदार. गावची गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना मेलेल्या वीराचा तो दगड होता. असे दगड मी पुस्तकांत पाहिले होते. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

नाना अहिराणीत कानाशी कुजबुजले, "पोरी, तू शिकेल शे. देवीनंच रूप शे म्हनी सांगी दे."

दारात बायका नारळ घेऊन उभ्या होत्या. महिनाभर मी ज्या क्षणाची मजा चाखत होते तो आला होता आणि मला तो नकोसा झाला. मी अक्काकडे पाहिलं.

ती म्हणाली, "जे शे ते सांग. तू शिकाले पाहिजे म्हनीसन मी नवस कया, खोटं बोलाले नही."

मग मी सांगितलं, सगळं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, गुरं वाचली होती का. मी म्हटलं, ते दगडावर लिहिलेलं नाही. त्याने टोपी काढून हातात धरली. मागून एक बाई म्हणाली, आता साडी कशी नेसवायची? तेवढ्यात अक्का पुढे झाली. दगड नीट निरखून तिने सांगितलं, "चाळीस वरीस व्हयनात, मी त्याले बांगड्या भरस. बिचारा एक शबद बोलना नही."

आधी नाना हसले, मग सगळं देऊळ. तेवढ्यावर सभा संपली. साडी नेसवायचं ठरलं आणि आई हे नावही राहिलं.

मात्र नानांनी एक अट घातली. आईला उघडं जिने ओळखलं तिनेच पहिला शेंदूर लावायचा. मी चित्र काढण्यापुरता वेळ मागून घेतला, त्या म्हाताऱ्याने टेपचं दुसरं टोक धरलं. मग तेलात कालवलेला शेंदूर माझ्यापुढे आला. आयुष्यात पहिल्यांदा मला खरा पुरावा सापडला होता आणि तो मी स्वतःच्या बोटांनी बुजवत होते. ओठांपाशी हात अडखळला. मागून अक्काचा आवाज आला, "मिशीवर जरा जाड लाव."

परत आल्यावर चित्र पुण्याला सरांना दाखवलं. बुजवू दिलंस कसं, म्हणून ते चिडले. मी बुजवलं हे सांगायचं धैर्य मला झालं नाही.

शिकून श्रद्धा जाते का, असं माझे विद्यार्थी विचारतात. माझी भीती तेवढी गेली. पुढे मुलगी तापाने फणफणली तेव्हा, नोकरीचं पत्र येईना तेव्हा, मी मनातल्या मनात त्या दगडाशी बोललेच. त्याचं नाव मला माहीत नाही, गुरं वाचली की नाही तेही नाही. पण आपण कुणापुढे पदर पसरतोय हे ठाऊक असलेली आमच्या घराण्यातली पहिली बाई मीच.