फ्रिजवरचा तक्ता

क्रमशःकाका हे नाव बिल्डिंगमधल्या पोरांनी ठेवलेलं, आणि काकांना ते माहीत होतं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या तीन कादंबऱ्या लागोपाठ आल्या होत्या. चौथी गेली सहा वर्षं येतच होती. प्रकाशकाचा फोन आधी महिन्याला यायचा, मग वर्षाला, मग एकदा चुकून लागला म्हणून आला.

आता काका लिहीत ते फक्त महिन्याचं पत्र. दर एक तारखेला, फोनवरून, तीनशे बारा वाचकांना. नाव ‘बरं चाललंय’. त्यात काकांचा गुडघा असे, हरवलेला चष्मा असे, अडकलेली कादंबरी असे, आणि या सगळ्यावरून काकांनी काकांचीच उडवलेली खिल्ली. वाचक खूश. एक निवृत्त मुख्याध्यापिका दर महिन्याला न चुकता कळवायच्या, “स्वतःवर हसायला फार मोठं मन लागतं, सर.” काका उत्तर पाठवत, “छे हो, सवय आहे.”

सवय होती, पण हसण्याची नव्हे. ऐकण्याची.

हसण्याचं खातं बायकोकडे होतं. छत्तीस वर्षं ती हॉस्पिटलात वॉर्डची सिस्टर होती, आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सगळं गाव तिला सिस्टरच म्हणे. भाजी चिरताना, पाठ न वळवता, सुई टोचावी तसं एखादं वाक्य ती टोचायची आणि पुढची भेंडी उचलायची. टोचलेला माणूस बहुतेक वेळा काकाच.

“यांचा व्यायाम म्हणजे काय,” ती फोनवर बहिणीला सांगे, “बूट घालेपर्यंत दम लागतो. मग बूट काढतात.”

काका हातातलं वर्तमानपत्र ठेवून उठत, बाथरूममध्ये जात, कडी लावत, साबणाच्या पावडरीच्या डब्यामागची छोटी वही काढत आणि वाक्य उतरवत. विसरण्याचं वय होतं, थांबून चालत नसे. मग संशय नको म्हणून फ्लश ओढत. एका वाक्याला एक फ्लश. महिनाअखेरीला ‘यांचा’च्या जागी ‘माझा’ घातला की झालं पत्र तयार.

कादंबरीचंही तसंच. बहिणीने विचारलं, “भावोजींची कादंबरी कुठवर आली?” तर सिस्टर जे म्हणाली ते वहीत असं उतरलं: “नायिका जिन्यात उभी आहे. सहा वर्षं झाली. एव्हाना पायांना सूज आली असेल.”

त्या एका वाक्यावर काकांना एकेचाळीस उत्तरं आली.

आता छत्तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईच्या घरात माणूस दिवसातून अकरा वेळा बाथरूममध्ये जातो, आणि तिच्या लक्षात येत नाही, असं काकांना वाटलं. कादंबरीकाराची कल्पनाशक्ती म्हणतात ती हीच.

एका सोमवारी फ्रिजवर तक्ता लागला. तारीख, वेळ, एकूण.

“हे काय?”

“तुमच्या वयाला होतं. घाबरायचं नाही,” सिस्टर म्हणाली. “रात्री उठत नाही तुम्ही, दिवसाच होतंय. हेच मला विचित्र वाटतंय.”

काकांनी खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं तर ती बोलताना जपून बोलेल. ती जपून बोलली की पत्र बंद. पत्र बंद झालं की ते कोण? गुडघा दुखणारा एक म्हातारा. त्यापेक्षा मूत्रविकार परवडला.

पंधरा दिवसांनी सिस्टर त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तिच्याच वॉर्डात शिकलेला, तिला पाहून अजून उभा राहणारा. सोनोग्राफीसाठी काकांना पाच ग्लास पाणी प्यायला लावलं होतं. ते पाय आवळून बसले होते. डॉक्टरने तक्ता वाचायला घेतला.

“सिस्टर, बुधवारी चारच?”

“बुधवारी मी बहिणीकडे गेले होते. यांनीच भरलंय. पण खोटं नाही लिहिणार, तेवढे सरळ आहेत.”

“आणि शनिवारी एकोणीस?”

“शनिवारी बहीण आमच्याकडे होती.”

डॉक्टरने तक्ता खाली ठेवला, काकांकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं आणि जबाबदारी टाळली. “आपण असं करू, नळी घालून आतून एकदा बघूनच घेऊ.”

“नळी नको,” काका म्हणाले. “वही आहे.”

आणि सगळं सांगून टाकलं. पाच ग्लास पाण्यापुढे कुणाचं गुपित टिकतं.

क्लिनिकबाहेरच्या बाकावर बसून सिस्टरने काकांच्या फोनवर पत्रं वाचली. दोन वर्षांची, एकही न गाळता. मग तिने फोन परत दिला.

“खाली नाव तुमचं आहे.”

“हो.”

“आणि ‘मोठं मन’ पण तुमचं.”

काकांनी फोन खिशात टाकला. 

घरात शांतता झाली. जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर, शब्द नाही. बहिणीचा फोन आला की सिस्टर गॅलरीत जाऊन दार ओढून घेई. तक्त्यावर आकडे पडत राहिले: चार, चार, पाच, चार. इतकी चांगली तब्येत काकांची कधीच नव्हती.

एक तारीख जवळ आली. काकांनी ठरवलं, आपली खिल्ली आपणच उडवू, त्यात काय. बसले. तासाभराने कागदावर उतरलं ते असं: ‘मी दिसायला तसा सामान्यच, पण डोळ्यांत म्हणे एक खोली आहे.’ त्यांनी ते तीनदा वाचलं. हे ‘म्हणे’ कोण म्हणालं होतं, ते त्यांना आठवेना. कागद फाडला.

शेवटी एक तारखेला सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि तिच्या पाठीला वाचून दाखवू लागले.

“‘वाचकहो, मी विनोदी माणूस नाही. विनोदी माणूस आमच्या स्वयंपाकघरात असतो. मी फक्त चोरून लिहितो, आणि फ्लश ओढतो. मोठं मन माझं नाही, तेव्हा कौतुक कृपया योग्य पत्त्यावर पाठवावं. तो पत्ता गेले चार दिवस माझ्याशी बोलत नाही.’”

सुरी थांबली.

“पाच,” सिस्टर म्हणाली. “वॉर्डात असा चार्ट भरला असता तर पेशंटला डबल डोस गेला असता.”

काकांनी कागदावर चारचे पाच केले. 

“आणि सूज आली असेल असं नव्हते म्हणाले मी. म्हटलं होतं, शिरा फुगल्या असतील. उभं राहून शिरा फुगतात. लिहायचं तर नीट लिहा.” तिने पुढची भेंडी उचलली. “त्या बाईला एकदा खाली तरी बसवा. जिना आहे, पायऱ्याच पायऱ्या आहेत, बसायला जागेची काय वाण?”

सहा वर्षांत हे काकांच्या डोक्यात आलं नव्हतं. बाई पायरीवर बसली की वरच्या मजल्यावरचं दार उघडणारा माणूस तिच्याशी बोलणार, हे त्यांना लख्ख दिसलं. सवयीने त्यांचे पाय बाथरूमकडे वळले.

“कुठे निघालात?”

“कुठे नाही.”

“वही आणा आणि इथे टेबलावर बसून लिहा. पाठवायच्या आधी मला दाखवायचं.”

काका वही घेऊन आले, बसले, लिहू लागले. बाई बसली. दार उघडलं. अर्धं पान झालं, एक झालं, दीड झालं. मग ते खुर्चीत चुळबुळू लागले. सिस्टर वळून बघत राहिली.

“अगं, या वेळी खरंच जायचंय.”

“जा की,” ती म्हणाली. “वही ठेवून जा.”