भुतांची दृष्ट

दिरांचा पुण्याहून फोन आला, तेव्हा मी दवाखान्यात एका मेंढपाळाच्या कानातला मळ काढत होते. "आई गेली... झोपेतच." म्हाताऱ्या मेंढपाळाने काय झालं ते विचारलं. सासूबाई गेल्या, असं सांगितल्यावर तो हळूच म्हणाला, "भुतांवरून मिरच्या ओवाळायच्या, त्या?" आणि रडता रडता मला हसू फुटलं.

बर्मिंगहॅम सोडून आम्ही वेल्सच्या सीमेवरच्या या खेड्यात आलो, त्या वर्षीची ही मिरच्यांची गोष्ट. मी गावाची नवी डॉक्टर, आमचं घर गल्लीच्या पार टोकाला, आणि सात वर्षांच्या सईला शाळेत एकही मैत्रीण नव्हती. हॅलोविनला तिने भोपळा कोरून खिडकीत दिवा लावला. आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, आतला गर घारग्यांसाठी आधीच ताब्यात घेतला होता. "भुतं घालवायला लोक काय काय करतात, आणि तुम्ही दिवा लावून बोलावता?" असं त्यांचं चाललेलं. चेटकिणीची टोपी घालून सई खिडकीशी बसून तिच्या मोडक्या मराठीत म्हणत होती, "आजी, कोणी नाही येणार. माझा घर लांब आहे."

पण आले. पलीकडच्या शेतावरची मार्गारेट, तिची मुलगी एली सांगाड्याच्या वेशात, आणि मागे चादरी पांघरलेली चार-पाच भुतं. मी चॉकलेटं आणायला वळले, तर आई म्हणाल्या, "थांब गं. एवढी नटूनथटून आलेली लेकरं, तशीच कशी पाठवायची?" मूठभर मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन त्या पुटपुटत सगळ्यांवरून ओवाळू लागल्या. सईने इंग्रजीत समजावलं, "आजी तुमचे वाईट डोळे काढतेय." सांगाड्याने घाबरून दोन्ही डोळे झाकले. तोवर आईंनी मूठ शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकलीसुद्धा... भुतं खोकत अंगणात पळाली, स्मोक अलार्म किंचाळायला लागला, मार्गारेटच्या डोळ्यांतून धारा. आई मात्र समाधानाने म्हणाल्या, "ठसका लागला म्हणजे फारशी दृष्ट नव्हती."

गावाच्या नव्या डॉक्टरने गावच्या पोरांना मिरचीची धुरी दिली, आता इथून गाशा गुंडाळायचा, असं मनाशी ठरवूनच मी झोपले. सकाळी मार्गारेट दारात. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच संकोचून म्हणाली, "आमची एक गाय दूध देईना झालीय. आजी येतील का?" आई साडी वर खोचून, माझे गमबूट घालून निघाल्या. गाईचं पुढे काय झालं ते पशुवैद्याला ठाऊक. सई मात्र एलीबरोबर वासराला बाटलीने दूध पाजून, दुपारी शेणाने माखून घरी आली, ती बोलायची थांबेचना.

त्यानंतर आई दर उन्हाळ्यात यायच्या, त्या हॅलोविन करूनच परतायच्या. पोरं आमच्या दारात रांग लावायची. जास्त खोकेल तो शूर, असा पोरांनीच नियम केला होता.

यंदा तब्येतीमुळे त्यांचं येणं झालंच नव्हतं, आणि आता त्या जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता. खिडकीत भोपळ्याचा दिवा लावू नये, असं मला वाटत होतं. संध्याकाळी बेल वाजली. आता माझ्याहून उंच झालेली सई दार उघडून आली, म्हणाली, "मम्मा, सगळे उभे आहेत," आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून एक डबा काढून माझ्या हातात दिला. मी तो कधी पाहिलाच नव्हता. त्यावर आईंच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: 'भुतांची मोहरी. फोडणीला घेऊ नये.'