वन्संचा पहिला फटका

आमच्या वन्संचं असं आहे, की घरात पडदा फाटका असला तरी चालेल, पण गोल्फ क्लबच्या गवताचं एक पातं वाकडं दिसता कामा नये. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण तिथल्या माळ्यांची मुकादम. मी त्याच क्लबच्या स्वयंपाकघरात. म्हणजे नणंदेचा धाक घरीही आणि कामावरही. चैन आहे माझी!

वर्षातून एक दिवस क्लबात उलटा कारभार असतो. आम्ही कामगार खेळतो आणि सभासद आमच्या काठ्यांच्या पिशव्या वाहतात. वन्सं मात्र कधीच खेळल्या नव्हत्या. कधी पंप बिघडला, कधी यंत्राचं पातं तुटलं. नेमकी त्याच दिवशी माशी शिंकायची. यंदा निवृत्तीआधीची शेवटची संधी होती. त्यांनी नवे बूट आणले, घरातल्या घरात घालून हिंडल्या आणि "चावतात गं" म्हणत लहान मुलीसारख्या खूश झाल्या.

आणि पाऊस लागला. ऋतू नसताना, थांबायचं नाव न घेता. मैदानावरच्या खड्ड्यांतली वाळू वाहून गेली, गवत कापायचं यंत्र चिखलात रुतायला लागलं. वन्सं रोज सकाळी चेंडूच्या भोकातल्या झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर अनवाणी जायच्या आणि टाच दाबायच्या. ठशात पाणी भरलं की मैदान बंद. ओल्या हिरवळीवर माणसं नाचली की मुळं कुजतात, मग बसा वर्षभर रडत, हे त्यांचं पालुपद. त्यांचा शब्द सेक्रेटरीसाहेबही मोडत नसत.

खेळाच्या सकाळी पाऊस उघडला. सगळे नटूनथटून जमले. वन्संनी टाच दाबली. ठसा काठोकाठ भरला.

"ताई, जरा हळू दाबायची ना!" बहिणीचा खेळ बघायला आलेला माझा नवरा कुजबुजला.

"गप बस. टाच माझी, वजनही माझंच."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मैदान बंदचा लाल झेंडा चढवला. आपलेच दात, आपलेच ओठ! मला त्यांचा राग आला आणि वाईटही इतकं वाटलं, की मी चहा उकळत सोडून बाहेर धावले.

"वन्सं, एक दिवस डोळेझाक केली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"ते कोसळूनच झालंय," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरीसाहेबांनी वाहायला घेतलेली पिशवी खांद्यावरून उतरवली. "ताई, सगळं मैदान नको. टेकाडावरचा एकच झेंडा खेळू. तिथं पाणी कमी आहे. काय करायचं ते सांगा."

मग काय! सगळ्यांची एकच धावपळ उडाली. आधी रबरी फळ्यांनी पाणी उताराकडे लोटायचं, मग लांब दातांच्या काट्यांनी हिरवळीत भोकं पाडायची, म्हणजे उरलेलं खाली मुरतं, आणि वर कोरडी वाळू. वन्संच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. "डॉक्टरसाहेब, इंजेक्शन देताय का? जोरात टोचा!" सभासदांतले ते डॉक्टर चिखलानं माखलेले आणि खो-खो हसणारे. मी चहा देऊन देऊन थकले, पण असा आनंद मी त्या क्लबात कधी पाहिला नव्हता.

दुपारी वन्संनी पुन्हा टाच दाबली. ठसा उमटला, पाणी नाही. पोरांनी करावा तसा गलका झाला.

पहिला मान अर्थातच त्यांचा. त्यांनी काठी फिरवली ती हवेतच. पुन्हा फिरवली. या वेळी चेंडू उडाला आणि त्याच्याबरोबर ताटलीएवढा गवताचा तुकडाही. सगळे वन्संकडे बघायला लागले. असा तुकडा उडवून पुढे जाणाऱ्या प्रत्येकाला वन्संनी आजवर हाक मारून परत आणलं होतं, गुडघ्यांवर बसवून तो जागच्या जागी लावून घेतला होता.

वन्सं खाली, त्या भगदाडाकडे बघत राहिल्या. मग वर, झेंड्याकडे घरंगळत चाललेल्या चेंडूकडे. आणि पोट धरधरून हसल्या.

"कुणीतरी लावा रे ते," त्या म्हणाल्या. "मी खेळतेय!"

आणि मागे वळून न बघता चालू लागल्या.