नंबर नसलेला निरोप

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी पांढुर्ण्यात एका संत्रा व्यापाऱ्याकडे कारकून होतो. शेठजींनी ऑफिसात फोनवरचे निरोप टेप करणारं यंत्र आणलं आणि प्रत्येक बागवाल्याला एक नंबर दिला. आधी नंबर सांगायचा, मग निरोप. बिननंबरच्या निरोपावर ट्रक जाणार नाही, हा नियम.

आमच्याकडे असं बोलतं कोण? एका सकाळी टेप लावली, तर सौंसरहून माझे बाबा. "राम राम शेठजी. जेवन झालं का?" मग ते उत्तराची वाट पाहत थांबले. "काहून बोलून नाही राहिले जी? राग आला का? संत्रं तोडून ठेवलं हाय, ढीग गरम होऊन राहिला..." तेवढ्यात टेप संपली.

शेठजी आल्यावर मी त्यांना सौंसरचा निरोप सांगितला. "नंबर सांगितला का त्यानं?" त्यांनी विचारलं.

"हाव जी," मी म्हणालो, आणि त्या दिवशीचा एकुलता एक ट्रक सौंसरला गेला.

बाबांचा माल वाचला, याचं मला आजही वाईट वाटत नाही. नंबर माणूस ओळखायलाच होता, आणि माणूस मी ओळखला होता. पण त्याच टेपवर, बाबांच्या आधी, तिगावच्या एका काकांनी नंबर अगदी बरोबर सांगितला होता. ट्रक का आला नाही, ते दुपारी विचारायला आले.

"काका, तुमचा नंबर टेपवर आलाच नाही जी," मी म्हणालो.

"माह्यंच चुकलं असन बापू," ते म्हणाले. "मले मशीनसंग बोलता येत नाही."