आधी आईची डेअरी

कृष्णातचा राग म्हणजे शेणीचा विस्तव. वर राख, आत धग. दूध संघातून त्याला काढलं तेव्हा तो सगळ्यांना रामराम करून बाहेर पडला. लोक म्हणाले, गडी मऊ हाय. मऊ कसला! त्याच्या जागेवर बसलेल्या विजयसिंहाचं नाक कापल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

गावोगावच्या डेअऱ्यांत दूध मोजणारे संगणक लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालायचे आणि त्या लिनक्सची संघापुरती आवृत्ती कृष्णातनंच बांधली होती. नवं अपडेट संघाच्या सर्व्हरवर चढायचं, त्यावर त्याचा डिजिटल शिक्का बसायचा, मग गावातले संगणक ते आपोआप उतरवून घ्यायचे. बिनशिक्क्याचं काही आलं तर दारातूनच परत. शिवाय त्यानं एक नेम घालून ठेवला होता. कुठलंही अपडेट पहिल्यांदा मलकापूरजवळच्या त्याच्याच गावात जायचं. तिथं त्याची आई धोंडुबाई दूध घालायची. तिथल्या सेक्रेटरीनं 'ठीक' दाबलं तरच ते पुढच्या गावांना मिळायचं.

"बिघडलं तर पहिल्या शिव्या माझ्या आईनं द्याव्यात," तो म्हणायचा, "परक्याच्या आईनं कशाला?"

चेअरमनचा पुतण्या विजयसिंह पुण्याहून शिकून आला आणि भर सभेत म्हणाला, "ह्यो गडी अपडेट आईच्या पदराखाली दडवून ठेवतोय. माझ्या हातात कारभार आला की ही भानगड बंद. समद्या गावास्नी एकदम!"

सभा खदाखदा हसली. पुढं कृष्णातला काढून कारभार विजयसिंहाच्याच हातात दिला. नोकरी गेली त्यापेक्षा आईवरचं ते हसू कृष्णातला जास्त झोंबलं.

जाताना त्याच्याकडून कार्यालयाच्या किल्ल्या घेतल्या, ओळखपत्र घेतलं, संघाची मोटारसायकलसुद्धा घेतली. सर्व्हरचा पासवर्ड बदलायचं आणि त्याचा शिक्का रद्द करायचं मात्र एकाही शहाण्याला सुचलं नाही.

वार्षिक सभेत विजयसिंहाचा सत्कार ठरला. कृष्णातनं त्याच दिवसाचा मुहूर्त धरला. सकाळी दूध घालायच्या वेळी साऱ्या गावांतले संगणक थांबतील आणि पडद्यावर एवढंच दिसेल, 'विजयसिंह, आता चालवून दाखव.' असं अपडेट त्यानं रचलं, शिक्का मारला, सर्व्हरवर चढवलं आणि शहरात, राजारामपुरीतल्या आपल्या खोलीत चहा पीत वाट बघत बसला. हार गळ्यात आणि गावागावातनं शिव्या, या विचारानं त्याला हसू आवरेना.

फोन वाजला. आईचा.

"कृष्णा, डेअरीचं मशीन बंद पडलंय रं! बायका किटल्या घिऊन ताटकळल्यात. दूध नासाय लागलंय."

"आणि बाकीच्या गावांत?"

"तिथं चालू हाय म्हणं. आमच्याच नशिबाला आलंय. ज्यानं केलंय त्याचं वाटोळं हू दे!"

कृष्णातचा चहा तसाच राहिला. विजयसिंहानं नुसती बढाई मारली होती. जुना नेम त्यानं काढलाच नव्हता, आणि कृष्णातनं दुष्मनाच्या बढाईवर विश्वास ठेवला होता.

अजून वेळ गेली नव्हती. नेमाची एक ओळ खोडली की बाकीची गावंही ठप्प. बोट तिथवर गेलं. फोनवर आई शेजारणीला सांगत होती, "थांब बाई, माझ्या पोराला लावलाय फोन. त्यो करंल कायतरी."

शिव्या हासडत कृष्णातनं आपलंच अपडेट मागं घेतलं आणि दुरुस्ती पाठवली.

संध्याकाळी आईचा पुन्हा फोन आला. "मशीन विजयसिंगानं चालू केलं म्हणं. सभेत सांगितलं त्यानं. आम्ही बायकांनी लई आशीर्वाद दिला बघ. तू कवा शिकणार रं असलं?"

"शिकतो की," कृष्णात दातओठ खात म्हणाला.