मामांचा लिंबूवाला चहा

मोखाड्याच्या स्टँडसमोर टपरी असलेले आमचे चहावाले मामा जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर एकच औषध मानत, ते म्हणजे त्यांचा चहा. मी इथल्या शाळेत बदलून आले, तेव्हा माझा उतरलेला चेहरा बघून त्यांनी न विचारताच कप पुढे केला. ताप असो, भांडण असो, बस चुकलेली असो, "आधी घोट घे, मंग बोल," हे ठरलेलं.

त्यांची लेक पोशेऱ्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती पांढरीफटक होऊन. हंडा उचलला तरी धाप लागायची. रक्त फार कमी आहे म्हणून नर्सताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जाताजाता सांगितलं, गोळी लिंबासोबत घे, म्हणजे अंगी लागेल. दुसऱ्या कोणी लिंबू पाण्यात पिळलं असतं. पण मामांच्या लेखी न उकळलेलं पाणी हे पाणीच नव्हे. रोज गोळी, आणि वर स्वतःच्या हातचा, लिंबू पिळलेला कडक कोरा चहा. महिना उलटला तरी रक्त वाढेना. नर्सताईंनी खोदून विचारलं, तेव्हा मामा अभिमानाने म्हणाले, "लिंबू रोज देतो ना ताई. चहात."

नर्सताईंनी कपाळावर हात मारला. चहा गोळीतलं लोह अंगी लागू देत नाही, गोळीच्या आगेमागे दोन तास तरी चहा नको, असं त्यांनी समजावलं. मामा टपरीच्या बाकावर बसले ते उठेचनात. "माझ्याच हातानं, बाई," एवढंच मला म्हणाले. 

दुसऱ्या दिवसापासून लिंबूपाणी सुरू झालं. दोन तासांचं बंधन मामांनी दिवसभराचं केलं, आणि तिला बंद म्हणून स्वतःही चहा सोडला. चव न घेता केलेल्या त्या चहात साखर कधी गायब, कधी नुसता पाक. सगळ्या स्टँडने तो निमूट प्यायला. मध्येच लेकीला काळी शी झाली, तेव्हा मामा धावत नर्सताईंकडे गेले. गोळीने तसं होतंच, घाबरायचं नाही, गोळी सोडायची नाही, हे कळल्यावर आनंदाने गिऱ्हाइकांनाही सांगत सुटले. पोरगी बिचारी तोंड लपवून बसली.

रक्त हळूहळू वाढलं. ती सुखरूप बाळंत झाली, गोळ्या मात्र पुढेही चालू राहिल्या. सासरी निघायच्या दिवशी बाळाला घेऊन टपरीवर आली.

"बा, आज तरी दे."

"गोळी कवा घेतलीस?"

"सकाळीच."

मामांनी घड्याळ बघितलं आणि दोन कप भरले. किती तरी महिन्यांनी स्वतःचा चहा चाखून म्हणाले, "साखर कमी हाय."

"नाय बा, बरोबर हाय," ती म्हणाली.

पोशेऱ्याची गाडी गेली. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी तिचा कप मामांनी बराच वेळ विसळला नाही.